ट्रायलवर आलेली सवत

टायपिंग क्लासला लागून घर असलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी क्लासमध्येच उघडते. तिकडून मशिनींची खडखड येते, इकडून फोडणीचा ठसका जातो, आणि येता-जाता दोन्हीकडचं बोलणं खिडकीत अडकून राहतं. नवी सून बोलत नाही, म्हणजे तिला ऐकूही येत नसणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं! त्यामुळे इतकं साठलंय की आता कुठेतरी रिकामं केलं नाही, तर झाकण बसायचं नाही.

त्यातले हे थोडे. सगळे एकाच वस्तूभोवतीचे. ती वस्तू म्हणजे माझी सवत. मुंबईची. पेटीत बसून आली.

*

यांचा राजापेठेत टायपिंगचा क्लास. महाराष्ट्र राज्य झाल्यापासून क्लासात एकच बोलणं, आता कचेऱ्यांचा कारभार मराठीत होणार, मराठी मशिनी लागणार! तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीनं नवं मराठी मशीन काढलं. अक्षरांच्या जागा सगळ्या नव्यानं मांडलेल्या, आणि आकार इतका लहान की मूठ धरून उचलायच्या पेटीत मावतं, प्रवासात नेता येतं, मांडीवर ठेवून टाईप करता येतं. मशीन बाजारात यायचं होतं. त्याआधी वापरून पाहा, काय अडतं ते कळवा, म्हणून अख्ख्या वऱ्हाडात एकच मशीन पाठवलं, ते यांच्याकडे. यांनी रोज वापरायचं, दर आठवड्याला तक्रारी लिहून पाठवायच्या. शेवटी मुंबईचे साहेब स्वतः येऊन पाहणार.

पार्सल बडनेऱ्याला उतरलं. हे स्वतः गेले. शटल गाडीत धक्के बसतील म्हणून बडनेऱ्याहून थेट टांगा केला! पेटी मांडीवर, आणि ऊन लागू नये म्हणून पेटीवर छत्री. स्वतःचं डोकं उन्हातच.

मी लग्न होऊन अकोल्याहून आले ती एस्टीनं. मागच्या बाकावर, एका मांडीवर रुखवताची परात आणि दुसऱ्या मांडीवर नणंदेचं झोपलेलं पोर. छत्रीवाले पुढच्या बाकावर कंडक्टरशी राजकारण बोलत होते.

टांगा दारात थांबला तेव्हा गंगूबाई माळीण पाटी घेऊन ओट्यावर बसली होती. तिच्याकडून आमच्याकडे भाजी आणि फुलं येतात.

"काय आनलं वं माय मास्तरनं?" तिनं मला विचारलं.

"मशीन आहे. ट्रायलवर."

"म्हंजे?"

"वापरून बघायचं. पसंत नाही पडलं तर परत."

गंगूबाईनं पाटी डोक्यावर घेतली. "बरं हाय मशीनचं," ती म्हणाली. "बाईमानसाचं असं नसते."

*

मशीनला हात लावायचा नाही, असा पहिल्याच दिवशी हुकूम निघाला. "अलाइनमेंट जाते!" हे म्हणाले. अलाइनमेंट म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण ती माझ्या हातानं जाते आणि लीलाच्या हातानं जात नाही, एवढं कळलं.

लीला ही क्लासची सगळ्यात जलद मुलगी. क्लास शिकून तिथेच शिकवायला लागलेली. नव्या मशीनवर बसायची परवानगी दोघांनाच, यांना आणि लीलाला. संध्याकाळी बाकीची मुलं गेली की ही दोघं पेटी उघडून बसत. एक कळ दाबायची आणि दोघांनी मिळून कागदात डोकं घालायचं, जसं काही अंगाऱ्यात भविष्य दिसणार आहे!

चहा मी नेऊन देई. लीलाच्या चहात मी साखर कमी घालायला लागले. भांडण नाही, बोलणं नाही, फक्त अर्धा चमचा कमी. मग आणखी थोडी कमी. शेवटी तर चमचा नुसता दाखवून काढला.

त्या संध्याकाळी लीला कप परत द्यायला स्वतः खिडकीशी आली. मी मनातल्या मनात उत्तर तयार केलं.

"वहिनी," ती म्हणाली, "या घरात तुम्हालाच बाई माझी आवड कळली! मला फिकाच चहा लागतो. आजवर लाजेनं बोलले नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी साखर वाढवली.

*

मशीन नवं, म्हणून त्याला सगळं माफ. आज एक कळ अडकली, उद्या घंटी वाजलीच नाही, परवा कागद सरकवणारं कॅरेज मध्येच थांबलं. हे चिडत नसत. उलट मायेनं पुसून घेत आणि म्हणत, "नवीन आहे. सांभाळून घ्यायला पाहिजे. पुढच्या मॉडेलमध्ये सुधारेल."

अशाच एका दिवशी माझ्या हातून वरणात मीठ दोनदा पडलं. पहिल्या घासाला यांनी तोंड वाकडं केलं. "अजून अंदाज येऊ नये म्हणजे कमाल आहे!"

सासूबाई वाढत होत्या. त्या माझ्या बाजूनं कधी फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी वाढता वाढता थांबल्या.

"वसंता, तीही नवीनच आहे. सांभाळून घे न!"

हे जरा वरमले. मग म्हणाले, "आई, मशीनची तक्रार मुंबईला कळवता येते. हिची कुठे कळवू?"

मामंजी इतका वेळ मुकाट जेवत होते. भिक्षुकीत आयुष्य गेलं, घरोघरचं कमी-जास्त मीठ खाऊन पाहिलेलं. त्यांनी वरणाचा भुरका मारला आणि मान वर न करता म्हणाले,

"अकोल्याला. पण तिथले माल परत घेत नाहीत."

*

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, अडकित्ता, मामंजींची पळी-पंचपात्री, क्लासच्या यच्चयावत मशिनी. नव्या मशीनला पाटावर मधोमध मान. गंगूबाईनं आणलेल्या झेंडूचा सगळ्यात जाड हार त्याला. माझ्या वेणीपुरतं मागितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी तिचं होऊ दे."

मशीनला 'तिचं' म्हणाल्या! म्हणजे मलाच तसं वाटत होतं असं नाही.

मामंजींनी पूजा मनापासून केली. कुठल्याही पूजेत हात आखडता घेणं त्यांना माहीतच नाही. हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता, थेट कळांवर! हे "नाना, नाना!" करत पुढे झाले, तोवर मंत्रपुष्पांजलीचीही मूठ पडली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं. अर्ध्या कळा खाली जाईनात, गेलेल्या वर येईनात. लीलाच्या बोटांना कुंकू, यांच्या कपाळाला घाम. मी खिडकीतून पाहत होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझ्या पोळ्या फार छान फुगल्या.

नियमाप्रमाणे यांनी तक्रार कळवली की काही कळांखाली तांदळाचे दाणे सापडले. कंपनीचं उत्तर आलं, फार काळजीचं. मशीन कचेरीच्या कामासाठी दिलं होतं, ते धान्याच्या दुकानात वापरलं जातंय का? तांदूळ आला कुठून?

हे मामंजींवर रागावून होते. म्हणाले, "आता तुम्हीच सांगा नाना, काय कळवू?"

मामंजींना प्रश्नच पटला नव्हता. "कळव त्यांना," ते म्हणाले, "आमच्याकडे आल्यावर तिची पूजा झाली. तुम्ही इतक्या मशिनी बनवता, एकीला तरी हळदकुंकू लावून पाठवता का?"

*

जुन्या क्लासच्या माणसाला नवी अक्षरं म्हणजे मोठं संकट. बोटं जुन्या घरी जातात. म्हणून हे सारखा सराव करत. मशीन समोर नसलं तर ताटाच्या काठावर, दाराच्या चौकटीवर, सायकलच्या हँडलवर. समोरचा माणूस जे बोलेल ते यांची बोटं टाईप करत सुटत. बोलणं ऐकत होते की नाही, देव जाणे!

एकदा आम्ही सगळे देवळात कीर्तनाला गेलो. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. यांच्या शेजारी कोर्टातले टायपिस्ट जोशीकाका मांडी घालून बसलेले. निरूपण रंगात आलं आणि मी पाहते तो काय, यांची दहाही बोटं जोशीकाकांच्या गुडघ्यावर! बुवा बोलताहेत, हे टाईप करताहेत. बुवांनी अभंग घेतला की बोटं धावत, बुवा श्वास घ्यायला थांबले की बोटंही थांबत.

जोशीकाका सज्जन माणूस. आरतीपर्यंत हलले नाहीत. मग प्रसाद घेता घेता म्हणाले,

"सर, कीर्तन सगळं उतरलं. फक्त जुन्या बोर्डवर उतरवलं का नव्या, ते गुडघ्याला समजलं नाही!"

सगळे हसले. मीही पदरात हसले. पण घरी येताना सारखं वाटत राहिलं, काय नशीब एकेका गुडघ्याचं!

*

दिवाळसणाला आम्ही अकोल्याला गेलो. आम्ही म्हणजे तिघं. हे, मी आणि ती. तक्रारींचा आठवडा चुकायला नको, म्हणून पेटी बरोबर. बडनेऱ्याला गाडीत खिडकीची जागा मिळाली. पेटी तिथे ठेवली. "तुला वारा लागतो न," हे मला म्हणाले. मला वारा लागतो हे मला त्या दिवशीच कळलं.

अकोल्याला माझे बाबा वकिली करतात. घर माणसांनी भरलेलं. जावईबापू टांग्यातून उतरले, पेटी कोणाच्या हातात दिली नाही, छातीशी धरूनच आत आणली. एवढ्यावर माझ्या काकूनं सगळ्या गल्लीला सांगितलं की जावयानं पहिल्या दिवाळीला आपल्या मंदीसाठी काहीतरी मोलाचं आणलंय. दुपारी ओसरीवर शेजारच्या बायका गोळा. कोणी म्हणे पाटल्या, कोणी म्हणे पैठणी. काकूनं सतरंजी अंथरली आणि म्हणाली, "जावईबापू, उघडा की आता! आम्हाला पण पाहू द्या!"

यांना वाटलं, अकोल्याच्या बायकांना यंत्रविद्येची केवढी आवड! यांनी पेटी उघडली, कागद चढवला आणि अक्षरांची नवी मांडणी समजावून सांगायला सुरुवात केली. अक्षरं अशी का मांडली, कोणत्या बोटाला किती काम! काकूनं थोडा वेळ ऐकलं. मग शेजारणीला म्हणाली, "चला बाई, चिवडा तरी खाऊ."

आईनं मला आत ओढलं. दार लोटून हळूच विचारलं, "मंदे, खरं सांग. माणूस बोलतो ना तुझ्याशी?"

"बोलतात की," मी म्हटलं.

"काय बोलतो?"

"येताना गाडीत म्हणाले, सरक थोडी, पेटी तिरकी होते."

*

दिवाळीनंतर मुंबईहून निरोप आला. ट्रायल समाधानकारक दिसते. दिघे साहेब पाहायला येतील, आणि सगळं मनासारखं झालं तर कंपनीतर्फे यांनी गावोगाव फिरून मशीन दाखवायचं. पुणे, नाशिक, कोल्हापूर. वर्षभर. सोबत टाईप करून दाखवायला लीला आणि तिची विधवा आत्या.

हे ताटावर सांगत होते. चेहरा असा फुललेला, की मी आल्यापासून तो चेहरा पाहिलाच नव्हता.

"आणि सूनबाई?" सासूबाईंनी विचारलं.

"ती काय," हे म्हणाले, "ती इथं आहेच."

मी पोळी वाढली. अंगणात जाऊन बादलीभर भांडी इतकी घासली की सासूबाईंचा जुना तांब्याही त्यांना ओळखू येईना.

गंगूबाईला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं तोंड पाहिलं. "मास्तर चालला म्हन्तात गावोगाव," ती मेथीची जुडी निवडत म्हणाली. "तुले सांगतो, मशीनले पाण्याची लय भीती असते. माह्या दिराची मोटर अशीच गेली. कोनालेच समजलं नाई."

"काहीतरीच काय, गंगूबाई!"

"म्या काय म्हन्लं? म्या मोटरीचं सांगतलं."

तिसऱ्या प्रहरी क्लास रिकामा होता. पेटी उघडी. मी ताकाचं गंज-पातेलं घेऊन पलीकडे चालले होते. पलीकडे जायला क्लासातून रस्ता नाही, हे खरं. मशीनशी येऊन उभी राहिले. ताक काठोकाठ होतं. किती वेळ उभी होते कोण जाणे.

"अगं, अगं! सांडलं!" हे दारात.

"नाही सांडलं," मी म्हटलं. "मशीन कोरडं आहे."

"मशीनचं कोण म्हणतंय? साडीवर सांडलं. दिवाळसणाची ती निळी न ही?"

मी खाली पाहिलं. निऱ्या भिजलेल्या होत्या. साडी निळी होती. दिवाळसणाचीच होती.

एवढं बोलून हे रिबन बदलायला बसले. मी गंज घेऊन तशीच परत फिरले. त्या दिवशी रात्रीच्या कढीला ताक कमी पडलं, ते का, हे कोणी विचारलं नाही.

*

दिघे साहेब आले तो दिवस. क्लास झाडून-सारवून लख्ख. मुलं भिंतीला लागून उभी. जोशीकाका कोर्टातून अर्धी रजा काढून आलेले. मामंजी खुर्चीवर, सासूबाई दाराआड, मी पोह्यांच्या बशा घेऊन.

आधी लीला बसली. काय तिची बोटं! पाऊस पडावा तसं टाईप झालं. मग हे बसले. यांचंही चोख. दिघे साहेब मान डोलवत होते, पण पोह्यांची बशी हातात घेतल्यावर म्हणाले,

"छान. पण तुम्ही दोघं सरावलेले. मला ज्यानं जन्मात मशीनला हात लावला नाही असा माणूस हवा. उद्या कचेऱ्यांतून तसेच बसणार आहेत."

मुलं सगळी क्लासची, जुन्या मशीनवर शिकलेली. जोशीकाका बाद. साहेबांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी हात जोडले. "आमच्यात आणि तिच्यात अक्षतांवरून एकदा झालंय."

साहेबांची नजर माझ्यावर आली.

"ही?" हे चटकन म्हणाले. "हिला नाही जमायचं, साहेब. हिनं कधी हातच लावला नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

मला खुर्चीवर बसवलं. समोर ती, उघडी, चकचकीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी समोरासमोर.

"काय लिहू?" मी विचारलं. क्लासात माझा आवाज बहुतेकांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला असावा.

"काहीही. या मशीनबद्दल तुमची तक्रार असेल ती लिहा. संकोच करू नका. कौतुक आम्हाला सगळेच कळवतात, आम्हाला तक्रारी हव्यात."

लीला माझ्याशेजारी वाकली. "वहिनी, अक्षर मनात म्हणा, मी बोट दाखवते." आणि एका बोटानं मी सुरुवात केली. एकेक कळ शोधायची, दाबायची, दचकायचं. मागे मुलं उमटेल ते मोठ्यानं वाचायला लागली.

"म... मशी... मशीन!"

"शाबास!" दिघे साहेब म्हणाले. "पाहा, आलं की नाही?" त्यांनी यांना विचारलं. यांचा चेहरा खुलला.

"मशीन न... न्या!"

लीलाचं बोट हवेत राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती हळूच म्हणाली, "पुढं सांगा, वहिनी," आणि पुढची कळ दाखवली.

आता वाचायला कोणी तयार नव्हतं. टक, टक, एवढाच आवाज. शेवटी दाराआडून सासूबाईंना राहवेना. "काय लिहिलं वो सुनेनं? कोणी सांगा तरी!"

मामंजी उठले, चष्मा चढवला, कागदावर वाकले, आणि संकल्प सांगावा तशा खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं,

"मशीन न्या, माणूस ठेवा!"

दिघे साहेबांच्या हातातला पोह्यांचा चमचा बशीत पडला. जोशीकाका छताकडे पाहायला लागले. मला उठून पळायचं होतं, पण खुर्चीमागे हे उभे होते.

यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. वाटलं, कागद ओढून काढणार. त्यांनी एक कळ दाबली, पूर्णविरामाची. मग कागद फिरवून जपून वर काढला आणि साहेबांपुढे धरला.

"तक्रार पुरी झाली, साहेब," हे म्हणाले. "खाली सही कोणाची पाहिजे? हिची का माझी?"